शांत पाळणाघर बरं की गलक्याचं?

एका वाचक आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘मुलगी नऊ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचंय. घरी दिवसभर सांभाळायला कुणी नाही, म्हणून दोन पाळणाघरं बघून आलो. पहिलं एकदम चकाचक. भिंतींवर चित्रं, नवीकोरी खेळणी, अर्ध्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक, मोबाईलवर सीसीटीव्ही. आम्ही गेलो तेव्हा आठ बाळं आपापल्या खुर्च्यांत बसली होती आणि एकही रडत नव्हतं. ताई दोन. दुसरं पाळणाघर साधं, खेळणी जुनी, गलका भरपूर. मुलं सहा, ताई दोन. तिथे एक बाळ रडत होतं तर ताईंनी त्याला लगेच उचललंही नाही. त्या दुसऱ्या बाळाचं डायपर बदलत होत्या, तिथूनच रडणाऱ्याशी बोलत राहिल्या. आणखी एक बाळ पालथं झोपलेलं दिसलं, तोंडापाशी जाड पांघरूण. नवऱ्याला पहिलं पसंत आहे. मला दुसऱ्या ठिकाणी बरं वाटलं, पण का ते सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, एवढंसं लेकरू परक्याच्या हाती दिलं तर आईला विसरतं. काय करू?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या पाळणाघराबद्दल तुम्ही भिंती, खेळणी, वेळापत्रक, कॅमेरा सगळं लिहिलंत, पण तिथल्या ताईंबद्दल ‘दोन’ एवढंच. दुसऱ्या ठिकाणची ताई मात्र काय करत होती, कुणाशी बोलत होती, हे सगळं तुमच्या लक्षात राहिलंय. बरं का वाटलं ते सांगता येत नाही म्हणता, पण ते तुम्ही लिहिलंयच की. तान्ह्या बाळासाठी पाळणाघर म्हणजे त्याला उचलून घेणारी बाई. बाकी सगळं तिच्या मागून.

आधी त्या शांततेबद्दल बोलू. नऊ-दहा महिन्यांची आठ बाळं एका खोलीत आणि सगळी चिडीचूप, हे वाचून मला खटकलं. या वयाची मुलं रांगतात, धरून उभी राहतात, दुसऱ्याच्या हातातलं ओढतात, त्याच्या डोळ्यात बोट घालतात. एवढ्या बाळांमध्ये पाच-दहा मिनिटांत कुणीतरी भोकाड पसरतंच. आठही जण खुर्चीत गप्प असतील तर नुकतंच भरवून झालं असेल, हे अगदी शक्य आहे. पण समोर टीव्ही किंवा मोबाईल लावून ठेवलेला असू शकतो. किंवा त्या बाळांना पट्टे लावून इतका वेळ बसवलेलं असेल की रडून कुणी येत नाही हे त्यांना कळून चुकलंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात लहान मुलाला खुर्चीत किंवा बाबागाडीत सलग एका तासाहून जास्त अडकवून ठेवू नये असं सांगितलंय. वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. एका भेटीवरून मी त्या पाळणाघराला नावं ठेवणार नाही. तुम्ही मात्र पुन्हा जा, न कळवता, वेगळ्या वेळी. दुपारी झोपेतून उठायच्या सुमारास किंवा संध्याकाळी घरी न्यायच्या आधीच्या तासात. त्या दोन वेळांना सगळ्यांचे पेशन्स संपत आलेले असतात, आणि जागेचा खरा रंग तेव्हाच दिसतो.

आता ते रडणारं बाळ. तुम्हाला वाटलं, ताईंनी दुर्लक्ष केलं. मला तो पत्रातला सगळ्यात आश्वासक भाग वाटला. डायपर बदलायच्या टेबलावरचं मूल एक क्षणही सोडायचं नसतं. हात काढला की ते उलटतं आणि खाली पडतं. त्या बाईने हातातलं मूल सोडलं नाही आणि रडणाऱ्याला आवाज दिला. ‘आले हं, ऐकतेय मी, हे झालं की तूच’ असंच काहीतरी ती म्हणाली असणार. त्या बाळाला शब्द कळले नसतील, आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे कळलं. पुढच्या खेपेला दोन गोष्टी बघा. हातातलं काम झाल्यावर ती खरंच त्या बाळाकडे गेली का? आणि ज्याचं डायपर बदलत होती, त्याच्याशीही बोलत होती का, की त्याला नुसतं उलटंपालटं करत होती?

डायपर बदलणं ही उरकायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1946 मध्ये हंगेरीत बुडापेस्टला अनाथ तान्ह्यांसाठी एक बालगृह सुरू केलं. तिथली पद्धत नेमकी उलटी होती. भरवणं, अंघोळ, कपडे बदलणं, याच वेळा बाळाच्या हक्काच्या. तेवढा वेळ ताईने पूर्ण त्याचीच असायचं. ‘आता हात घालूया बाहीत’ म्हणायचं, थांबायचं, बाळाने हात पुढे केला की मग बाही चढवायची. असं लक्ष मिळालेलं मूल पुढचा अर्धा तास आपलं आपण खेळतं. आई-बापाविना वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जमलं, तर संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत का जमू नये?

पण हे जमायला ताईंकडे वेळ हवा. इथे माझा आवडता हिशेब मांडते, तुमच्या नवऱ्यालाही दाखवा. पाळणाघराचा दिवस नऊ तासांचा धरा. वर्षाखालच्या एका बाळाला तेवढ्यात तीनदा भरवायचं, दरवेळी वीस मिनिटं. झाला एक तास. पाचेक वेळा डायपर, धुणं-पुसणं धरून प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. दोनदा झोपवायचं, पंधरा पंधरा मिनिटं, आणखी अर्धा तास. एका बाळाचे नुसत्या गरजेच्या कामांचे दोन तास झाले. तीन बाळं असली तर सहा तास, चार असली तर आठ. चारांमध्येच ताईचा दिवस संपला. तिने पाणी कधी प्यायचं? सहा बाळं दिलीत तर हिशेब बारा तासांवर जातो आणि दिवस तर नऊचाच. मग ते तीन तास कुठून येतात? बाळाच्या तोंडात बाटली देऊन ती उशीला टेकवून ठेवली जाते. डायपर ठरल्या वेळीच बदलतात, भरलंय की नाही ते न बघता. बाळ जागं असलं तरी पाळण्यातच राहतं. यात ताई दुष्ट नसते. तिच्या वाटणीला मुलंच जास्त असतात.

जगभरचे नियम पाहिले तर तेही याच हिशेबाच्या आसपास येतात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. अमेरिकेतली बालशिक्षणाची मोठी संघटना एनएईवायसी तान्ह्यांसाठी चारांमागे एक म्हणते, आणि एका गटात आठांहून जास्त बाळं नकोत असंही. म्हणजे या अमेरिकी आकड्याने तुमचं पहिलं पाळणाघर कागदावर काठावर बसतं आणि दुसरं आरामात; इंग्लंडच्या नियमात मात्र फक्त दुसरंच बसतं. पण आकडे मोजताना एक काळजी घ्या. जी बाई स्वयंपाकघरात आहे, दार उघडते किंवा फोन घेते, तिला मोजू नका. दुपारी एक ताई जेवायला गेल्यावर खोलीत किती जणी उरतात? हा प्रश्न विचारला की बऱ्याच ठिकाणी समोरचा जरा थांबतो.

पुढचा प्रश्न संचालकबाईंना नको, थेट ताईंना विचारा: ‘तुम्ही इथे किती वर्षं आहात?’ तुमच्या मुलीला तो चेहरा, तो वास, उचलायची ती पद्धत ओळखीची होईल आणि तीन महिन्यांनी ताईच बदलली तर तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. वर्षात तीनदा ताई बदलल्या, तर तिसऱ्या ताईशी ती जीव लावायचा कंटाळाच करेल. इंग्लंडच्या नियमांत प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमावी लागते. तुमच्या इथे तसा नियम असो नसो, तुम्ही विचारा: ‘हिची ताई कोण? त्या रजेवर असल्या तर कोण?’ ‘आमच्याकडे सगळ्याच जणी सगळ्यांना बघतात’ हे उत्तर ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, नेमकं तुमच्या बाळाकडे कुणीच बघत नाही, असा निघू शकतो.

आणि हो, जरा अवघड प्रश्न. ताईंना पगार वेळेवर मिळतो का, आजारपणाची रजा मिळते का, त्यांना शिकवलंय कुणी? विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. जिथे ताईंना राबवून घेतात तिथे त्या टिकत नाहीत, हे साधं आहे. आपण खेळण्यांचा ब्रँड बघतो आणि दिवसभर मूल कडेवर घेणाऱ्या बाईच्या पगाराचा विषय निघाला की घड्याळाकडे बघायला लागतो. मला याचा नेहमी राग येतो, असो.

सीसीटीव्हीचं मला फारसं कौतुक नाही. कॅमेऱ्यात बाळ कुठे आहे ते दिसतं, ताईचा आवाज कसा आहे ते बहुतेक वेळा कळत नाही. तुम्ही कामावर बसून दर दहा मिनिटांनी मोबाईल बघाल, मुलगी नेमकी रडताना दिसेल आणि पुढचा तास तुमचा वाया. त्यापेक्षा ‘मी दिवसात केव्हाही, न सांगता आत येऊन बसले तर चालेल का?’ हे विचारा. ‘पालकांना बघून मुलं रडतात, म्हणून आम्ही दारातूनच देतो-घेतो’ म्हणाले, तर कितीही कॅमेरे असले तरी ते ठिकाण माझ्या यादीतून बाद.

आता दुसऱ्या पाळणाघरातली जी गोष्ट तुम्ही पत्रात ओघात लिहून पुढे गेलात, तिथे मी थांबणार आहे. पालथं झोपलेलं बाळ आणि तोंडापाशी जाड पांघरूण. यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वर्षाखालच्या बाळाला झोपवताना उताणंच झोपवायचं, सपाट आणि कडक गादीवर. उशी नको, जाड पांघरूण नको, मऊ खेळणी जवळ नकोत. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणं झोपवा अशी देशभर मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. घरी उताणं झोपायची सवय असलेलं बाळ दुसऱ्या कुणी पालथं झोपवलं तर त्याला धोका आणखी जास्त असतो, म्हणून पाळणाघरात हे विशेष बघायचं. एक खरं की, ज्या बाळाला दोन्ही बाजूंनी आपलं आपण वळता येतं ते झोपेत स्वतःच पालथं झालं तर त्याला पुन्हा पुन्हा उताणं करत बसायची गरज नसते. तुम्ही पाहिलेलं बाळ तसं असेलही. पांघरुणाला मात्र काही सबब नाही.

तेव्हा त्या ताईंशी बोला, अगदी सरळ आणि गोडीत: ‘माझ्या मुलीला उताणीच झोपवा आणि तिच्या पाळण्यात काहीही ठेवू नका.’ त्यांचं उत्तर नीट ऐका. ‘बरोबर आहे, काढते’ म्हणून त्यांनी तिथल्या तिथे त्या बाळाचं पांघरूण बाजूला केलं, आणि पुढच्या खेपेला तुम्ही न सांगता गेलात तेव्हा सगळेच पाळणे मोकळे दिसले, तर मुलगी तिथेच ठेवा. ‘अहो, इतकी वर्षं सगळी अशीच झोपतायत, काही होत नाही’ असं म्हणाल्या, तर बाई कितीही मायाळू असली तरी नको. मग पहिल्या ठिकाणी जाऊन वरचे सगळे प्रश्न विचारा, किंवा तिसरं शोधा. तुमच्या यादीतल्या दोनांतूनच निवडायचं असा काही कायदा नाही.

नवऱ्याला दुसऱ्या पाळणाघरात घेऊन जा आणि त्यांना एकच काम द्या. कोपऱ्यात वीस मिनिटं बसायचं, मोबाईल खिशात, आणि एकाच बाळावर नजर ठेवायची. ते बाळ काहीतरी आवाज करतं, बोट दाखवतं, वस्तू पुढे करतं. तेव्हा मोठं माणूस वळून बघतं का, काही बोलतं का, आणि मग बाळाच्या पुढच्या आवाजासाठी थांबतं का? ही देवाणघेवाण वीस मिनिटांत किती वेळा झाली ते मोजायचं. मग पहिल्या पाळणाघरात जाऊन तेच करायचं. तुम्ही दोघं वाद घालण्यापेक्षा हे बरं.

हात धुणंही तेव्हाच बघून घ्या. डायपर बदलल्यावर आणि भरवायच्या आधी, दरवेळी साबणाने. पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचं जाणार, त्याची तयारी ठेवा. चांगल्यातल्या चांगल्या पाळणाघरातही ते चुकत नाही. ताप आलेल्या मुलाला घरी पाठवतात का, ते मात्र विचारा. आज तो नियम दुसऱ्याच्या मुलासाठी असला तरी उद्या तुम्हालाच अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावेल, तेव्हा चिडू नका.

सासूबाईंच्या शंकेकडे वळते. अमेरिकेत 1991 पासून एक मोठा अभ्यास झाला, दहा ठिकाणच्या तेराशेहून जास्त मुलांचा. तान्हेपणापासून पुढे कित्येक वर्षं त्यांचा मागोवा घेतला. त्यात असं दिसलं की नुसतं पाळणाघरात राहिल्याने मुलाचं आईशी असलेलं नातं कमकुवत होत नाही. घर कसं आहे, आई-बाप मुलाच्या हाकेला ओ देतात का, याचा परिणाम पाळणाघरापेक्षा जास्त. चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा आणि समज थोडी पुढे होती. काळजीची गोष्टही निघाली, ती लपवणार नाही. जी मुलं दर आठवड्याला फार जास्त तास पाळणाघरात होती त्यांच्यात आडदांडपणा थोडा अधिक दिसला. थोडाच, पण दिसला. आणि पाळणाघरही निकृष्ट, घरीही आईचं बाळाकडे फारसं लक्ष नाही, असं दोन्ही एकत्र आलं तिथे नात्यावर ताण येत होता. म्हणून दोघांच्या कामाच्या वेळा थोड्या पुढे-मागे करून मुलीच्या दिवसातला एखादा तास वाचवता आला तर वाचवा. बाकी, ती ताईंना बघून हसायला लागली, त्यांच्याकडे झेपावली, तर घरी त्याचं दुःख करू नका. बाळाचा जीव एकाहून जास्त माणसांवर जडतो. सासूबाईंवरही जडला असेलच की!

फक्त तुमची वेळ जरा अवघड आहे. साधारण आठ महिन्यांपासून बाळांना आई नजरेआड झाली की घाबरायला होतं आणि ते पुढे कित्येक महिने चालतं. म्हणजे ती रडणार, हे धरूनच चाला. तुमच्याकडे एक महिना आहे, तो वापरा. जर्मनीत बऱ्याच पाळणाघरांत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जी वापरतात ती मला सगळ्यात पटते. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने बाळासोबत तासभर नुसतं बसायचं. स्वतःहून खेळवायचं नाही, ती आली तर जवळ घ्यायचं. ताई हळूहळू तिच्याशी ओळख करते. वेगळं होणं अजिबात नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा सांगून बाहेर जायचं, काही मिनिटांसाठीच, आणि दाराबाहेरच थांबायचं. ताईच्या कडेवर ती थोड्या वेळात शांत झाली तर दुसऱ्या दिवसापासून वेळ वाढवत न्यायची. नाही झाली तर आणखी काही दिवस बसायचं. पाळणाघर याला तयार आहे का, हेही विचारून घ्या. ‘पहिल्या दिवशी सोडून जा, आठवड्यात गप्प होते’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

डोळा चुकवून मात्र कधीही निघू नका. त्या दिवशी रडणं वाचतं, पण मग ती खेळता खेळता सारखी मागे वळून बघायला लागते. ‘मी जातेय, संध्याकाळी येते’ म्हणायचं, पापा घ्यायचा आणि निघायचं. दारातून तीनदा परत फिरायचं नाही. आणि संध्याकाळी तुम्हाला बघताच तिने टाहो फोडला तर दिवस वाईट गेला असं लगेच धरू नका. ताईंना विचारा, काय खाल्लं, किती झोपली, कशाला हसली. ‘छान होती’ एवढंच उत्तर रोज मिळत असेल, तर पुढच्या आठवड्यात दुपारी एकदा डोकावून या.

ता. क. – दूध काढून ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचारालच. ताजं काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. बाटलीवर मुलीचं नाव, तारीख, वेळ घालून द्या. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, कारण मध्येच एखादा भाग चटका बसेल इतका तापतो. तिने अर्धं पिऊन सोडलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. आणि बाटली देताना ताईने तिला मांडीवर घ्यायचं, हे बाटलीसोबत द्यायच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहा.